होडीच्या लाल रंगाचा टिळा

ये, असा उंबऱ्यावरून काय बघतोस? आत ये, जवळ बस. पोरगी असशील तर तूही ये गो, हा पाट घे, आणि हातातला तो फोन घटकाभर पालथा ठेव. दर वर्षी येता तुम्ही आमच्या किनाऱ्यावर. दिवाळीला येता, नाताळला येता, बर्फाची पेटी पापलेट-सुरमईने भरता, वाळूत फोटो काढता आणि निघता. आमच्या कोळीवाड्यावरूनच गाडी जाते तुमची. काचेतून हात हलवता, पण उतरत कुणी नाही. मी ओरडले म्हणून तोंड पाडू नकोस. घरात ओरडायला दुसरं माणूस उरलं नाही, म्हणून तुला बोलावून ओरडते आहे. माझी धाकटी जाऊ गेली. विमल. तिच्याबद्दल सांगायचं आहे, आणि सांगून झालं की एक मागणंही आहे…

श्रावण सरला होता. पावसाने उघडीप दिली म्हणून मी अंगणात सुकट पसरायला घेतली होती. शेजारची सून धावत आली आणि कुंपणाजवळच थांबली. पुढे येईना. म्हटलं, काय गो? तर म्हणाली, "आक्का, विमलकाकी चहाला उठली न्हाय." बस, एवढंच. पण विमल चहाला उठली नाही याचा अर्थ आमच्या वाडीत कुणालाही कळला असता. मी हातातली सुकट तशीच टाकली. कावळ्यांनी नेली सगळी, नेऊ दे. बोर्लीहून डॉक्टर आला, हृदय बंद पडलं म्हणाला. डॉक्टरशी मी वाद घालत नाही. पण ते कधीपासून बंद पडत आलं होतं ते मला माहीत आहे.

आणि ऐक, तिला निजवायला पडवीत जागा नव्हती. माणूस गेलं की आमच्याकडे पडवीत ठेवतात, बायका भोवती बसतात. विमलची पडवी पार आढ्यापर्यंत भरलेली. फुटके टीव्ही, मिक्सरची भांडी नसलेली बुडं, मोबाइलांची कवचं, गंजलेल्या बॅटऱ्या, चिखल वाळून पांढऱ्या झालेल्या वायरींची भेंडोळी. त्यातून वाट काढत चौघांनी तिला उचलून बाहेर आणली आणि अंगणात, उघड्यावर ठेवली. वरून पाऊस येतोय की काय म्हणून एकाने बोटीवरची ताडपत्री धरली होती. मी तिच्या उशाशी बसले आणि मला रडू येईना. नुसती पडवीकडे बघत राहिले. ते सगळं कसं आलं तिथे, ते सांगते.

विमलचा नवरा, म्हणजे माझे काशिनाथ भाऊजी, स्वतःच्या बोटीचे तांडेल होते, बोट तेच हाकायचे. बोटीवर वायरलेसचा संच असे आणि त्याचा जोडीदार संच धक्क्यावर, मच्छीमार सोसायटीच्या शेडमध्ये. बोटी परतायची वेळ झाली की आम्ही बायका टोपल्या घेऊन त्या शेडशी बसायचो. खरखर, खरखर व्हायची, आणि मध्येच भाऊजींचा आवाज यायचा, "खाडीच्या वळणाला लागलो हाय. विमलला सांगा, चहा ठेव." मासे किती, वारा कसा, काही नाही. चहा ठेव! सगळा धक्का हसायचा. कुणीतरी म्हणायचं, "जा गो विमल, सरकारी हुकूम आला." ती लाजून शिव्या घालायची आणि तरातरा घरी जायची. भाऊजी गेले ते घरातच गेले, तापाने. बोट विकली. विमलने संच मात्र ठेवून घेतला, देवाच्या फळीखाली. दसऱ्याला जाळ्यांची, इंजिनाची पूजा व्हायची तशी त्याचीही व्हायची. ज्याने पोटाला घातलं त्याच्यासमोर एक दिवस तरी हात जोडायचे, ही आमची रीत.

आणि घोटाळा या रीतीतूनच झाला. म्हणजे असं बघ… जे पूजलं ते उकिरड्यावर टाकायचं नाही, हे आमच्या हाडात बसलेलं. म्हणून संच बिघडला, मासे दाखवायचं ते यंत्र बंद पडलं, बॅटरी मेली की आमचे म्हातारे तांडेल त्याला हार घालायचे, हळदकुंकू वाहायचे आणि बोट खाडीच्या तोंडाशी नेऊन दर्याला अर्पण करायचे. देवाची भंगलेली मूर्ती देतात ना, तशी. मनात वाईट काही नाही. उलट मान. पण ओहोटीला आम्ही तिसऱ्या आणि कालवं काढायला खाडीत उतरायचो तेव्हा चिखलात हार घातलेल्या बॅटऱ्या पायाला लागायच्या, फुगलेल्या, हिरवं पाणी सुटलेल्या.

त्या मोठ्या वादळात घरोघरचे टीव्ही-फ्रिज भिजून मेले, तेव्हा हा प्रकार हाताबाहेर गेला. त्याच वेळी विमल ग्रामपंचायतीत निवडून आली होती, बायकांच्या राखीव जागेवर. वरून योजना आली की जुनी विजेची यंत्रं गावाने गोळा करायची, पनवेलच्या पलीकडे कारखाना आहे तिथे ती नीट मोडतात, विषारी ते वेगळं करतात, कामाचं परत वापरतात. इतर मेंबरांनी फाईल विमलकडे सरकवली. बाईमाणसाला कचऱ्याचं काम! ती घरी येऊन म्हणाली, "आक्का, हसू देत त्यांना. माझी खाडी साफ व्हईल ना?"

पहिल्या रविवारी घंटागाडी आळीआळीने फिरली आणि एक टॉर्च आणि एक रिमोट मिळाला. रिमोटही पोराने चघळलेला. कारण तूच विचार कर, ज्याला भाव होता, तांब्याची मोटर, इंजिनाची बॅटरी, ते भंगारवाला दारात रोख देऊन न्यायचा. ज्याला मान होता ते दर्याला जायचं. पंचायतीच्या गाडीत कोण काय टाकणार?  दोन दिवसांनी विमलने घंटागाडी बंद केली, धक्क्यावरच्या जुन्या लिलाव शेडमध्ये चटई टाकली, समोर ताट मांडलं, हळद, कुंकू, फुलं. आणि सर्वांच्या आधी देवाच्या फळीखालचा भाऊजींचा संच आणून ठेवला. मी हात धरला तिचा. म्हटलं, विमल, हा नको. तर म्हणाली, "माझा दिल्याशिवाय लोकांचा कसा मागू?"

तिने त्याला कुंकू लावलं आणि गर्दीतून एक म्हातारी कडाडली, "रांडमुंड बाईच्या हातचं कुंकू? आमच्या वस्तूंना लावशील तर याद राख!"   विमल उठली, शेजारी ओढलेल्या होडीला रंग चालला होता तिथे गेली, लाल रंगाची डबी घेऊन आली. बोट बुडवलं आणि संचावर ठसठशीत टिळा काढला. "मावशे, हे कुंकू न्हाय. होडीचा रंग हाय. होडीला माझा हात चालतो ना? मग बोल आता."  वाडीतल्या होड्यांच्या नाळेला, पुढच्या टोकाला, विमलच दर वर्षी रंग द्यायची. कुणीतरी खुसकन हसलं आणि रीत पडून गेली. माणूस वस्तू आणायचा, विमल टिळा लावायची आणि त्या वस्तूला म्हणायची, "लय राबलास. आता सुखानं जा."

मी तिची थट्टा करायचे. म्हणायचे, ह्या मिक्सरने कुठली तांडेलकी केली गो? ती म्हणायची, "तुझ्यासाठी चटणी वाटली ना? मग?" एका आजीने मेलेल्या नवऱ्याचं कानाचं यंत्र आणलं. पदराच्या गाठीतून सोडवलं. विमलने त्याच्यावर टाचणीच्या टोकाने टिळा लावला, इवलासा, कारण बोट मावेना. आजी म्हणाली, "आयुष्यभर माझं ऐकलं न्हाय त्यांनी, मशीन लावूनसुदीक." रडता रडता हसलो सगळे. फक्त धर्मा तांडेल शेडमध्ये यायचा नाही. भाऊजींचा जुना सोबती तो. लांबून म्हणायचा, "विमल, दर्याला दिलेलं दर्या ठेवतो. माणसाला दिलेलं माणूस विकतो." विमलच्या उजव्या हाताच्या बोटाचं नख तेव्हा कायम लाल असायचं, घासलं तरी जायचं नाही. मी म्हणायचे, बरी नटलीस.

शेड भरली. आता तू म्हणशील, मग झालं की काम. तिथेच तर गाडं अडलं… कारखान्याने सांगितलं, भारी माल असेल, तांबं असेल, तर आम्ही आमच्या गाडीने नेऊ. पण भारी माल भंगारवाल्याने आधीच उचललेला. आमच्याकडे उरले काचेचे जुने टीव्ही आणि प्लास्टिकची कवचं, ज्यातून निघत काही नाही आणि मोडायलाच खर्च. ते न्यायचं तर म्हसळा, माणगाव करत एवढ्या लांबचं गाडीभाडं पंचायतीने द्यायचं, वर कारखान्यालाही द्यायचं. योजनेत गोळा करायचे पैसे होते, फलकाचे होते, फोटोचे होते. पोचवायचे नव्हते. एकदा कशीबशी गाडी गेली, पण भाऊजींचा संच विमलने शेवटच्या खेपेसाठी मागे ठेवला. दुसऱ्यांदा विमलने सभेत विषय काढला तेव्हा सरपंच म्हणाला, "काकी, नळाचा पंप जळलाय. पाणी देऊ का टीव्ही पोचवू, तुम्हीच सांगा." तो वाईट माणूस नाही. विमल घरी येऊन म्हणाली, "आक्का, मी पण पाणीच म्हटलं असतं." आणि ताट पुढे घेऊन बसली, जेवली मात्र नाही.

लोक आणतच राहिले, कारण तिने सवय लावली होती. शेजारच्या गावांतूनही आणायला लागले. तालुक्याहून साहेब आले, शेडसमोर फोटो निघाला, गावाच्या वेशीवर फलक लागला, आमचं गाव ई-कचरामुक्त. आजही आहे तो फलक, येताना डाव्या हाताला दिसला असेल तुला. मग मासेमारीचा हंगाम तोंडावर आला, लिलावाला शेड हवी, कोळणी ओरडायला लागल्या, त्यांचंही खरं. तेवढ्यात एक टेंपोवाला उगवला. म्हणाला, सगळं फुकट नेतो, थेट कारखान्यात पोचवतो. पंचायतीला देवच भेटला. विमलने दोनदा विचारलं त्याला, "नक्की पोचवशील ना रे?" तो म्हणाला, "मावशी, आईशप्पथ." तिने टेंपोसमोर नारळ फोडला. आम्ही बायकांनी नवरी सासरी पाठवावी तशी पाठवणी केली त्या टीव्हींची. भाऊजींचा संच सर्वांत वर ठेवला होता तिने, गोणपाटात गुंडाळून, धक्का लागू नये म्हणून. टेंपो वळणाआड गेला आणि विमल म्हणाली, "सुटले गो." मी तिला एवढी हलकी भाऊजी गेल्यापासून पाहिली नव्हती.

पुढे सांगायला जीव होत नाही, पण ऐक. पुढच्या वर्षी पावसाळ्याआधी खाडीत डोलीचं जाळं लावलं होतं धर्मा तांडेलने. एका सकाळी तो विमलच्या दारात आला, ओला, हातात गोणपाट. मी तिथेच होते, आम्ही दोघी सोड्यांसाठी कोलंबी सोलत बसलो होतो. त्याने गोणपाट उलगडला. चिखलाने भरलेला संच. मागचं झाकण फोडून आतलं तांबं काढून घेतलेलं, पोट रिकामं. आणि कपाळावर लाल टिळा, जसाच्या तसा. होडीचा रंग तो, खाऱ्या पाण्याला दाद देतोय थोडाच? मला वाटलं, धर्मा आता बोलेल, मी म्हटलं नव्हतं का म्हणून. पण त्याने उंबऱ्यावर संच ठेवला आणि डोक्याचं फडकं काढून हातात घेतलं, मयताला घेतात तसं. जाता जाता एवढंच म्हणाला, "विमल, आनिक लय हायत. खारफुटीच्या मागं ढीग हाय."

तिने संच विहिरीच्या गोड पाण्याने धुतला. कानाकोपऱ्यात बोट घालून घालून, तान्ह्याला न्हाऊ घालावं तसा. पुसला, उन्हात ठेवला. मग चप्पल घातली आणि घरोघर निघाली. मी म्हटलं, कुठे? म्हणाली, "सांगाया. ज्यांना ज्यांना टिळा लावला त्यांना." आणि ती खरंच गेली दारोदार. "तुमचा टीव्ही कारखान्यात गेला न्हाय. खाडीत पडलाय. माझ्या हातनं झालं." मी मागे मागे होते. लोकांनी शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं. लोक म्हणाले, "जाऊ दे गो काकी, आमी कुठं विचारलं?" एक सून तर टीव्हीवरची नजर न हटवता म्हणाली, "घरातून गेला ना, बास." कानाच्या यंत्रवाल्या आजीच्या दारात विमल उभी राहिली, तोंड उघडलं. आजी म्हणाली, "पोचलं ना गो माझं?" विमलने मान हलवली. हो म्हणून की नाही म्हणून, ते आजीलाही कळलं नाही नि मलाही.

पंचायतीने टेंपोवाल्याला शोधलं म्हणतात. सापडला नाही. गाडी लावून खाडी साफ करायची तर पुन्हा खर्च, पुन्हा सभा, पुन्हा पंप. त्यात फलक लागलेला. गाव कचरामुक्त झालंय तर खाडीतला कचरा कुणाचा, असं कागदावर लिहायचं कसं? तिकडे तिसऱ्या काढणाऱ्या बायकांचे पाय कापायला लागले काचांनी. मग विमलनेच टोपली उचलली. ओहोटी लागली की खारफुटीत शिरायची, गुडघाभर चिखलात, आणि एकेक तुकडा वेचून आणायची. कोळणीच्या डोक्यावर टोपली असतेच, लोकांना वाटे कालवं आणते. ती टीव्ही आणत होती. मीही गेले काही दिवस, पण माझे गुडघे… चिखलातून पाय निघेना. एकदा मला तिनेच ओढून बाहेर काढलं आणि म्हणाली, "तू घरी बस. तू न्हाय फोडलास नारळ." खाडीचा मासा खायचा तिने सोडला. पडवी भरत गेली. सरपंचाला ती म्हणायची, फक्त गाडी द्या. तो म्हणायचा, बघतो काकी. बघत असेलही.

एकदा मी विचारलं, आणलेल्याला आता टिळा लावत नाहीस? ती म्हणाली, "कुठल्या तोंडानं लावू आक्का? एकदा निरोप देऊन झालाय."  भर पावसातही जायची. खाडीला उधाण असलं की नुसती काठावर उभी राहायची, टोपली पायाशी. लेक पनवेलला दिलेली, ती फोन करून सांगायची, आई, पुरे. विमल तिला म्हणायची, थोडंच उरलंय. थोडं कुठलं! भरती येते आणि पुन्हा नवीन उघडं पाडते. समुद्राचं काय संपतं?

तिला अंघोळ घातली ती मीच. तळव्यांवर कापल्याच्या रेघा होत्या, चिखल आत मुरलेला. उजव्या हाताचं नख मात्र स्वच्छ होतं. तेवढं एक बघवेना मला. मनात आलं, हिने एवढ्या वस्तूंना सुखाने जा म्हटलं, हिला कोण म्हणणार? आत गेले, लाल रंगाची डबी शोधली, देवाच्या फळीवरच होती. झाकण उघडलं. रंग वाळून दगड झाला होता. नखाने खरवडला, तेल घातलं, तरी बोटाला लागेना. बायका बाहेर हाका मारत होत्या, आक्का, चला, वेळ झाली… तशीच पाठवली तिला. टिळ्याशिवाय.

लेकीने दिवस करून घराला कुलूप लावलं आणि चावी मला दिली. लेकीवर माझा राग नाही, तिचं पोर लहान, नवऱ्याची नोकरी पाळीची. सांजेला मी दार उघडते, पडवीतून अंग चोरून आत जाते, देवाजवळ दिवा लावते. फळीखाली संच आहे. पोट रिकामं, कपाळावर टिळा. दसरा आला आता. पूजा करू की नको? केली तर पुढे त्याला नेऊ कुठे? दर्याला देणार नाही. भंगारवाल्याला देणार नाही. पंचायतीत परवा गेले, नवा मेंबर चांगला पोरगा आहे, म्हणाला, "आजी, ती योजना पूर्ण झाली, यंदा तिला खर्च मंजूर न्हाय." पूर्ण झाली म्हणे! आणि पडवीतलं ते सगळं पावसाने पुन्हा गळायला लागलंय, हिरवं पाणी अंगणात उतरतंय, आमच्या दोघींच्या सामायिक विहिरीकडे. मी राख टाकते, माती टाकते. माझ्या हातून आणखी काय होणार, सांग.

म्हणून मागणं मागते. तुम्ही येता तेव्हा गाडीत बर्फाची पेटी असते, तिला जागा ठेवलेली असते. पुढच्या खेपेला ती जागा रिकामी घेऊन ये. मासे मी देईन, तुझी पेटी पुढे पायाशी ठेव जाताना, पण मागे विमलच्या पडवीतले दोन टीव्ही घाल. पनवेलवरूनच जातोस ना तू? कारखान्याच्या दारात स्वतः उतरव, कुणाच्या हाती देऊ नकोस. संच घेऊन मी तुझ्या बाजूला बसेन. मला आत जाऊन बघायचं आहे त्याला कुठे ठेवतात ते. तू एकटा सगळं नेऊ शकणार नाहीस, ते कळतं मला, पण दुसरा येईल, तिसरा येईल… नाही आला कुणी, तर तुझे दोन तरी गेले. लवकर ये, बाळा. दिवाळीची वाट बघू नकोस, माझंही वय झालं. आणि खाडीच्या वळणाला लागलास की फोन कर, मी चहा ठेवते.